इथे घसरतात

गणिताच्या नोट्स कशा असाव्यात हे त्या दोन खोल्यांच्या क्लासमध्ये एकाच बाईला कळत होतं, आणि तिचं नाव नोट्सवर कुठेही नव्हतं. सगळे तिला नोट्सताई म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, जिन्याखाली मशीन मांडून बसलेला झेरॉक्सवाला म्हणे, आणि क्लासचे मालक असलेले सरसुद्धा कुणी काही अवघड विचारलं की "ते नोट्सताईंकडून घ्या" म्हणून मोकळे होत. सर पुढच्या खोलीत शिकवत. नोट्सताई मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून लिहीत असे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे, भिंतीवर गळणारा एक एसी, आणि त्याच्याखाली ओल धरून हिरवा झालेला पट्टा. तो पट्टा दहा वर्षं तिच्या डोळ्यांदेखत खाली उतरत होता.

गणितात पदवी घेऊन ती आधी एका शाळेत लागली होती. पण वर्गात उभी राहिली की तिचा आवाज पोटात जायचा. चाळीस मुलं तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटायची. वर्षभरात ती नोकरी सुटली. कागदावर मात्र तिला मध्येच कुणी तोडू शकत नव्हतं. कागदावर ती पहिलं वाक्य लिही, दुसरं लिही, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत पोर तिथेच बसलेलं असे.

नोट्सबद्दल तिची मतं पक्की होती. बाजारात मिळणाऱ्या गणिताच्या नोट्स ती दोन बोटांत धरी, झुरळ धरावं तशी. सूत्रं चौकटीत, चौकटी रंगीत, आणि पान इतकं गच्च की टाचणी ठेवायला जागा नाही. "यात पोरानं श्वास कुठे घ्यायचा?" असं ती नवऱ्याला विचारी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणे, "खिडकीत जाऊन घ्यावा." तिला हसू यायचं नाही.

तिच्या पानाला तीन रकाने असत. पहिल्यात पायरी. एका ओळीत एकच कृती. दोन कृती एका ओळीत कोंबल्या की कच्चं पोर तिथेच सुटतं. दुसऱ्यात 'का'. ही पायरी का घेतली, ते चार शब्दांत, पोराच्या भाषेत. तिसरा रकाना अरुंद, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे, 'इथे घसरतात'. प्रत्येक पानावर तीन उदाहरणं: पहिलं पूर्ण सोडवलेलं, दुसरं अर्ध्यावर सोडलेलं, तिसऱ्याचा नुसता प्रश्न. आणि उत्तर खाली नाही, पानाच्या मागे, उलटं. कागद उलटा करायचा, मग मान वाकडी करायची, एवढा कंटाळा मध्ये घातला की पोरगं आधी एकदा स्वतः करून बघतं, असा तिचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता.

पहिले दोन रकाने कुणीही लिहिले असते. नोट्सचा जीव होता तिसऱ्यात. तो भरायला ती दर आठवड्याला चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसे आणि फक्त चुकलेली उत्तरं वाची. बरोबर पेपर बाजूला; त्यात तिला करण्यासारखं काही नव्हतं. कंसाचा वर्ग करताना कितीजण मधलं पद खातात, असमानतेला उणे संख्येनं भागताना चिन्ह फिरवायला कितीजण विसरतात, एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स दिसलं की दोन्हीकडचा एकेक एक्स उडवून कितीजण शून्य हे उत्तर गमावून बसतात, हे सगळं तिच्याजवळ मांडलेलं असे. पाठ्यपुस्तकात मुलांनी काय करायचं ते असतं. तिच्याकडे मुलं काय करतात ते होतं.

पहिल्या वर्षी मात्र एक भलतंच घडलं. तिचं अक्षर होतं मोत्यासारखं. तिसऱ्या रकान्यातली चुकीची ओळही तिनं त्याच अक्षरात लिहिली, आणि निम्म्या वर्गानं ती ओळ सूत्र म्हणून पाठ केली. परीक्षेत तीच लिहून आले. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, तुमच्या हातून चूकसुद्धा खरी वाटते हो!" तिनं शेजारी फुली मारून पाहिली, लाल शाई वापरून पाहिली. पोरांनी लाल शाईतलं महत्त्वाचं म्हणून आधी पाठ केलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की चुकीची ओळ चुकीच्याच हातातली हवी. घाईत लिहिलेली, तिरकी, खाडाखोड केलेली. पोराला ती बघून वाटलं पाहिजे की हे तर माझंच आहे. मग ती मूळ कागदातून ओळ कापून रकान्यात चिकटवायला लागली, आणि झेरॉक्सवाला तिची प्रत काढायला लागला.

पण क्लासच्या मुलांचे पेपर परत द्यावे लागत. कापलेला पेपर बघून एका मुलाचा बाप जिन्यावरूनच ओरडत आला होता, "माझ्या पोराचा पेपर उंदरानं खाल्लाय का?" तेव्हापासून सरांनी पेपरांना कात्री लावायची नाही असं सांगितलं.

घरी मात्र एक वही होती, जिच्याबद्दल ओरडायला कुणी येणार नव्हतं. ती होती तिच्या मुलीची. घरात तिला बबडी म्हणत.

बबडी जमिनीवर पालथी पडून, पाय वर हलवत गणितं सोडवायची. आणि चुकायची ती दणक्यात. अर्धवट, घाबरत, कडेकडेनं चुकणं तिला ठाऊकच नव्हतं. साताला मधोमध आडवी रेघ, एक्सचा एक पाय लांब शेपटीसारखा, आणि शेजारी स्वतःशीच केलेली बडबड: 'असं का नाही?' 'मग हे कुठे गेलं?' सहावीत असताना तिनं एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं लिहिलं. पुष्कळ मुलं लिहितात. पण हिनं खाली कारण दिलं होतं: 'पहिल्या चाचणीत दोनपैकी एक बरोबर आलं. दुसरीत तीनपैकी एक. म्हणजे पाचपैकी दोन. मी मोजून बघितलं.'

आई त्या ओळीकडे बघतच राहिली. पोरीचं म्हणणं खरं होतं आणि गणित चुकलं होतं. तिनं दोन दिवस त्यावर विचार केला आणि मग नोट्सचं एकतिसावं पान लिहिलं. चाचण्या एकत्र केल्या की एकूण प्रश्न बदलतात, बेरीज करताना मात्र दोन्ही तुकडे एकाच अख्ख्या वस्तूचे असायला हवेत. हा फरक तिनं मधल्या रकान्यात इतका सोपा करून मांडला की त्या वर्षी कच्च्यातल्या कच्च्या मुलाचेही अपूर्णांक सुधारले. सर ते पान नव्या पालकांना दाखवायला खिशात घेऊन फिरायचे.

चिकटवण्याआधी तिनं विचारलं होतं. "बबडे, हे घेऊ?"

"माझं? नोट्समध्ये?" पोरगी आनंदानं उभीच राहिली. "घे ना! सगळं घे!"

तिनं सगळं घेतलं. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही. तीन वर्षांत एक्केचाळीस पानांवर बबडीच्या हातच्या ओळी चिकटल्या. प्रत्येक नव्या धड्याच्या आधी आई मुलीला त्यातली चार गणितं घालायची आणि शेजारी भाजी निवडत बसायची. मुलगी चुकली की आईच्या पोटात दोन गोष्टी एकदम व्हायच्या. एक काळजी: हिचं कसं होणार. आणि एक दुसरी, जिला तिनं कधी नाव दिलं नाही. बरोबर आलं तर ती "छान" म्हणायची. चुकलं तर म्हणायची, "थांब थांब, कसं केलंस ते सगळं लिही."

काळजी तिच्या स्वभावातच होती. दाराला कुलूप लावलं की ती जिना उतरून पुन्हा चढून बघून येई. पण सगळ्यात मोठी काळजी ही एकच: पोरीनं पुढे गणित घ्यावं. आपल्यासारखं अर्ध्यावर आवाज गमावून मागच्या खोलीत बसू नये. पोरीला गणिताची भीती नव्हती, ही त्या घरातली एकमेव शिल्लक आहे असं तिला वाटायचं. नवऱ्याला ती म्हणे, "बाकी काही येऊ दे न येऊ दे, हिनं गणित सोडता कामा नये." नवरा म्हणे, "ती कशाला सोडतेय? तूच दोघींचं धरून बसलीयस."

नववीत बबडी आईच्याच क्लासला आली. पहिल्या दिवशी सगळ्या बॅचला नोट्सचे गठ्ठे वाटले गेले.

त्या दिवशी ती घरी आली, जेवली, झोपली.  दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या काही महिन्यांत आईच्या लक्षात आलं ते इतकंच, की पोरीची वही सुधारली. खाडाखोड गेली. पालथी पडून लिहिणं गेलं. टेबलाशी बसून, डाव्या हाताचा आडोसा करून लिहायला लागली. सातावरची आडवी रेघ गेली. वहीच्या घडीत खोडरबराचा भुगा मात्र सापडायचा. आई तो फुंकून टाकायची आणि शेजारणीला सांगायची, "मोठी झाली हो आमची. काय अक्षर झालंय!" नोट्ससाठी आता घरून काही मिळत नव्हतं, एवढंच तिला खटकायचं. तेही तिनं मनातल्या मनात प्रगती म्हणूनच मांडलं.

सहा महिने गेले. एका चाचणीचा गठ्ठा चाळताना कुणा मुलाच्या पेपरात तिला खोडलेल्या ओळीशेजारी लिहिलेलं दिसलं: 'माफ करा, घसरगुंडी चावली.' तिला मोठ्यानं हसू आलं. दुसऱ्या पेपरात: 'ही घसरगुंडी पद्धत आहे, मार्क देऊ नयेत.' पोरं गमतीदार असतात एकेक. ते दोन्ही पेपर घेऊन ती खाली झेरॉक्सवाल्याकडे गेली. हा माणूस कागद सरकवता सरकवता सगळ्या बॅचच्या भानगडी ऐकत असे.

"अहो, ही घसरगुंडी कोण?" ती अजून हसतच होती. "मुलगी आहे का कुणी?"

झेरॉक्सवाल्यानं मशीनचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं. "ताई, खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"मला कसं माहीत असणार? मी मागच्या खोलीत."

"एकतीस नंबरचं पान घ्या," तो खाली बघत म्हणाला. "ते अक्षर कुणाचं? साताला आडवी रेघ मारणारी त्या बॅचमध्ये एकच होती. पहिल्या तासालाच ओळखलं पोरांनी. आता तिनं फळ्याकडे जायला नुसतं पाऊल उचललं तरी मागून आवाज येतो, इथे घसरतात! सगळा वर्ग एका सुरात." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "पोरं आहेत हो. मनावर घेऊ नका."

जिन्याच्या सतरा पायऱ्या होत्या. तिला वर यायला किती वेळ लागला, ते तिला आठवत नाही. वर येऊन तिनं आधी आपल्या मुलीचा पेपर शोधला. पहिली सहा उत्तरं बरोबर, पुस्तकातल्यासारखी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पुढची चार कोरी. नुसते आकडे घातलेले, सात, आठ, नऊ, दहा, आणि खाली पांढरा कागद. मागच्या आठवड्याचा पेपर काढला. तसाच. त्याच्या मागचाही. येत असेल तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. एक अक्षर चुकायला तयार नव्हती पोरगी. आणि दर आठवड्याला चुका वेचणाऱ्या आईनं हे पेपर दर आठवड्याला हातात घेतले होते आणि 'यात काही नाही' म्हणून बाजूला ठेवले होते.

संध्याकाळी तिनं मुलीला स्वयंपाकघरात गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?" मग आईचा चेहरा बघून, "ते होय. पहिल्या दिवसापासून."

"मला सांगायचं नाही का? तोंड शिवलं होतं?"

"सांगून काय झालं असतं? तू विचारलं असतंस, बरं मग तुला नेमकं कसं वाटलं ते सगळं लिही."

 "मी विचारलं होतं तुला," आई म्हणाली. हे म्हणायला नको, हे तिला म्हणता म्हणताच कळत होतं. "तू घे म्हणालीस."

"सहावीत होते मी, आई. तेव्हा तू मागितलं असतंस तर मी कानसुद्धा काढून दिले असते." बबडी खाली बघून ताट पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. "मला वाटायचं, तू शेजारी बसतेस ते माझ्यासाठी बसतेस."

नवरा दारात उभा होता.  पोरगी आत गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "लिफ्ट अडकली की मी दारावर पाटी लावतो, बंद आहे. कुणामुळे बंद पडली ते नाही लिहीत. त्याच इमारतीत राहायचं असतं ना लोकांना."

"मी नाव लिहिलं होतं का कुठे?" ती ओरडली. एरवी पोटात जाणारा तो आवाज त्या दिवशी बरोबर बाहेर आला, आणि तोही चुकीच्या माणसावर.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. त्याच महिन्यात नोट्सचं पुस्तक छापायला जाणार होतं. तिनं सांगितलं, एक्केचाळीस पानं बदलायची आहेत.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "ताई, मी त्या पोरांची चामडी लोळवतो. एकाची खैर नाही. पण पानांचं काय वाकडं आहे? पोरीचं नाव तरी आहे का त्यात?"

"अक्षर आहे."

"अहो, दोन वर्षांत बॅच निघून जाईल. कोण ओळखणार? आणि ती पानं काढली तर पुस्तकात राहिलं काय? सूत्रं आणि चौकटी. ते बाजारात ढिगानं पडलंय. तुम्हीच सांगता ना मला दहा वर्षं?"

ती सांगत होतीच.  "मी नवीन करून देते," एवढं ती म्हणाली. "आठ दिवस द्या."

आठ दिवस ती डाव्या हातानं चुकायला शिकत होती. जुन्या चुका सगळ्यांना पाठ झालेल्या, म्हणून नव्या बनवायच्या. आणि उजव्या हाताचं अक्षर ओळखीचं, म्हणून डाव्यानं लिहायच्या. तिनं पेन्सिल मुठीत धरून पाहिली, उभ्यानं लिहून पाहिलं. खाडाखोड केली, पण खाडाखोडही ओळीत यायची. मधलं पद खाल्लं, चिन्ह चुकवलं, आणि शेजारी मुलासारखी बडबड लिहिली. वाचली तर ती बडबड एखाद्या मावशीनं लहान मुलाचा आवाज काढावा तशी वाटत होती. दुसऱ्यांच्या चुकांवर दहा वर्षं काढलेल्या बाईला स्वतःला एक धड चूक करता येईना.

सरांनी ती पानं आठवीच्या मुलांना देऊन पाहिली. एका पोरानं दोन मिनिटांत पान परत केलं. "सर, हे मुद्दाम चुकवलंय. असं कोण चुकतं?"

पुस्तक जुन्याच पानांनिशी छापलं गेलं. तिनं नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती, हे ती स्वतःशी रोज म्हणे आणि रोज दहाच्या आत खिडकीपाशी जाऊन बसे. घरात लिफ्टवाल्याचा एक पगार पुरत नाही हे कारण होतं आणि खरंही होतं. पण पुस्तकाची पहिली प्रत हातात आली तेव्हा तिनं आधी एकतिसावं पान उघडलं होतं. छपाई सुरेख आली होती. साताची आडवी रेघ, एक्सची शेपटी, सगळं जसंच्या तसं उठलं होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितलेली नाही.

मुलीला मात्र तिनं क्लासमधून काढलं. बबडीनं दहावीचं गणित घरीच केलं. आईच्या नोट्सना तिनं हात लावला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः जाऊन रंगीत चौकटींच्या त्या गच्च नोट्स आणल्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ केल्या. हिंडत हिंडत पाठ करायची, कविता पाठ करावी तशी. दुसऱ्या खोलीतून ते ऐकताना आईचा जीव कासावीस व्हायचा. पायऱ्या अगदी अचूक येत, कुठेही ठेच नाही, कुठेही 'असं का नाही' नाही. दोनदा तिनं न राहवून विचारलं, "अगं, ही पायरी का घेतली ते कळलं का?" पोरगी थांबली, तिच्याकडे बघितलं, आणि त्या पायरीच्या आधीच्या पायरीपासून पुन्हा म्हणायला लागली.

गणितात चौऱ्याऐंशी पडले. नातेवाईकांचे फोन आले. नणंद म्हणाली, "वहिनी, घरातच गुरू म्हटल्यावर काय हो!" सरांनी पाटीवर लावायला फोटो मागितला. बबडी म्हणाली, "अक्षर आहे ना त्यांच्याकडे, ते लावा म्हणावं."

मग पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा अर्ज आला. पालकाची सही लागते म्हणून एका सकाळी तिनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईपुढे ठेवला. सगळा भरलेला होता. इतिहास, भाषा, मानसशास्त्र. गणिताच्या चौकोनापुढे स्वच्छ आडवी रेघ.

आईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "चौऱ्याऐंशी पडलेत तुला."

"पाठ केलं होतं. पाठ केलेलं आता संपलं."

"असं नसतं गं. आतून येत असतं तुला. लहानपणी तू..."

"आई, नको."

"एक. एकच गणित देते. तुझ्या कुठल्याच पुस्तकात नसलेलं. तुला करावंसं वाटलं नाही तर मी मुकाट्यानं सही करते. आईचं एवढं तरी ऐक, बबडे."

बबडीनं सुस्कारा टाकला आणि खुर्ची ओढली. आईनं समोर एक कोरा कागद सरकवला. "एक्सचा वर्ग नऊपेक्षा लहान आहे. तर एक्स कुठे कुठे असू शकेल?"

 मुलीनं पेन्सिल उचलली.  पोरीनं एक आडवी रेघ काढली, मग तिला मधोमध छेदणारी एक लांब उभी, मग थबकली, मान तिरकी केली. डावा खांदा हळूच पुढे आला, अगदी पूर्वी जमिनीवर पडून करायची तेव्हा यायचा तसा. काहीतरी लिहिलं. त्याच्यापुढे आणखी काहीतरी. आई पुढे झुकली.

बबडीनं कागदावर पंजा ठेवला.

"चुकलं तर?" तिनं विचारलं.

"चुकू दे ना. चुकलं तर चुकलं."

"तू ठेवशील."

"नाही ठेवणार. शपथ घेते. कुठ्ठे ठेवणार नाही."

"ठेवशील गं, आई." आवाजात राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तसं ती बोलत होती. "तुला कळणारही नाही ठेवलंस ते." तिनं कागदाचा बोळा केला, ड्रेसच्या खिशात घातला आणि अर्ज पुढे सरकवला. "सही कर. अकराच्या आत द्यायचाय."

आईनं सही केली. पेन नीट चाललं, सही ओळीत आली. बबडीनं अर्ज घडी न घालता पिशवीत ठेवला आणि दारापाशी वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली. तिची पाठ आईकडे होती. खिशाला बोळ्यामुळे फुगवटा आला होता.

आई टेबलाशीच बसून होती. पोरगी गणित सोडून चालली होती, आणि रडू तर येत नव्हतं. त्या कागदावरची आडवी रेघ कळण्यासारखी होती, संख्यारेषा म्हणून सगळीच मुलं काढतात. पण ती उभी रेघ? दहा वर्षांत, हजारो पेपरांत, अशा गणिताला उभी रेघ कुणी काढली नव्हती. काय मनात असेल तिच्या? आणि त्याच्यापुढे काय लिहिलं? तीन होतं की उणे तीन? दार ओढल्याचा आवाज आला, पावलं जिना उतरत गेली, आणि ती डोळे मिटून, पंजाखाली जाण्याआधी दिसलेला तेवढा कागद पुन्हा आठवू बघत होती.